दफनाच्या वेळी दाम्यानने बोलू नये

मी, डॉ. नेवेंका ग्रुबेलिच, वय ८१, स्लाव भाषांची निवृत्त प्राध्यापक, राहणार झाग्रेब, क्रोएशिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी नोकरी सोडली तेव्हा "बाईंचं डोकं फिरलंय" असे जे विभागात सांगत हिंडले, त्यांनी तो अवश्य वाचावा.

१. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर माझे दिवंगत पती स्वेतोझार यांची पुतणी येल्का हिला मिळावे. ती सर्ब आहे, सर्बियात नोवी सादला राहते. खालच्या मजल्यावरच्या होर्वातिन कुटुंबाने नाक मुरडले तर खुशाल मुरडावे.

२. माझा बोलींचा शब्दकोश. क्र्क बेटावरच्या कोळणींपासून स्लावोनियातल्या शेतकऱ्यांपर्यंत, माणसे बोलत गेली तसे मी टिपत गेले. १९९१ साली सर्बांशी युद्ध सुरू झाले तेव्हा तो छापायला निघाला होता. माझाच विद्यार्थी दाम्यान रुकाविना नुकता विभागप्रमुख झाला होता. लाल खुणा केलेली मुद्रिते त्याने माझ्यासमोर ठेवली.

"बाई, एवढे शब्द तेवढे गाळू या. पलीकडचे वाटतात."

"हा शब्द माझी आई बोलायची. ती बेटाबाहेर कधी गेली नाही."

"कळतंय हो मला. पण बाहेर माणसं मरतायत, आणि तुम्ही शब्दांचं काय घेऊन बसलात?"

"माणसं मरतायत म्हणून तू माझ्या आईची जीभ कापणार?"

मी त्याच दिवशी राजीनामा दिला. कोश त्याच्या नावाने निघाला, छाटून. प्रस्तावनेत माझे आभार मानले आहेत. ते आभार मी या मृत्युपत्राद्वारे परत करते.

मूळ कोशाचे सर्व हक्क येल्काला. ती भाषेतली नाही, दातांची डॉक्टर आहे. म्हणूनच तिच्यावर विश्वास आहे. छापायचा तर अख्खा छापावा.

३. दफन मिरोगोय दफनभूमीत, पतीशेजारी. दाम्यान भाषण घेऊन येईलच. परवा फोनवर म्हणाला, "बाई, झालं गेलं विसरा ना आता."

"तू विसर. तुझं काही गेलेलं नाही."

त्याने यावे, टोपी काढून उभे राहावे. बोलू नये. बोलू लागल्यास येल्काने थांबवावे. ती रोज लोकांची तोंडे उघडते, एखादे बंद करणे तिला जमेल.

४. समाधीचा दगड. स्वेतोझार सर्ब, पावाला 'ह्लेब' म्हणायचा; मी क्रोएट, 'क्रुह' म्हणायचे. आमच्या टेबलावर दोन्ही शब्द सुखाने नांदले. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या बेकरीत तो सवयीने म्हणाला, "एक ह्लेब द्या." बेकरीवाला त्याला वर्षानुवर्षे ओळखत होता. त्याने पाव हातातच धरून ठेवला.

"काय म्हणालात, साहेब? नीट म्हणा."

मागे रांग होती. कोणी चकार शब्द काढला नाही. स्वेतोझार रिकाम्या हाताने घरी आला. त्यानंतर मरेपर्यंत तो कुठल्याही दुकानात बोलला नाही, बोटाने दाखवायचा. जिने सारा जन्म लोकांचे शब्द गोळा केले, तिच्या नवऱ्याने मुक्यासारखा पाव मागितला.

तरी आमच्या नावांखाली, क्रूस वा वचन न घालता, हे दोनच शब्द शेजारी शेजारी कोरावेत. त्याचा त्याच्या सिरिलिक लिपीत, माझा माझ्या रोमन. त्याचा आधी.

सही: नेवेंका ग्रुबेलिच
साक्षीदार: मार्त्सेल उग्लेशिच, शेजारी (याच्याशी माझे भांडण नाही)
दुन्या पेर्कोवाच, वकील
झाग्रेब, १४ नोव्हेंबर २०१७