पश्चिमेचा खंदक

मी, डॉ. रत्नप्रभा वैशंपायन, वय त्रेसष्ट, मध्ययुगीन इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सेक्टर पंधरा, चंदीगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. माझे शेजारी मेहरसिंग यांच्या खटल्याची सुनावणी सोमवारी आहे. तोवर मी असेन, अशी हमी डॉक्टर देत नाहीत. म्हणून कलम तीन सर्वांत आधी वाचावे.

१. घर व ग्रंथ भाची वसुधा हिला. पुस्तकांची पाने दुमडणाऱ्यास घरात भाडेकरू ठेवू नये.

२. दिवाणखान्यातील देवगिरी, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचा किल्ला, मी नऊ वर्षे उभारते आहे. यादवांचे बांधकाम करड्या विटांत, नंतरचे पांढऱ्या आणि लाल; एकेक शतक उचलून बाजूला ठेवता येते. बंधू कृष्णकांत या किल्ल्याला म्हातारीची भातुकली म्हणतात. त्यांना एक वीटही देऊ नये.

३. मेहरसिंग निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत. रामदेवरावांच्या वेळच्या वेढ्याचा नकाशा मी त्यांना काढायला सांगितला. त्यांनी किल्ला विटांवरचे दाणे मोजून कागदावर उतरवला व माझ्याच सांगण्यावरून पंजाबीत टिपा लिहिल्या: 'पहारा येथे विरळ', 'रसद येथे अडवावी'. जानेवारीत अतिरेक्यांच्या शोधात पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली आणि तो कागद हल्ल्याचा आराखडा म्हणून जप्त केला. इन्स्पेक्टर मेहरसिंगांनाच घेऊन माझ्या दारात आले.

"मैडम, सरदारजी कहते हैं ये आपके खिलौने का नक्शा है. है क्या?"

मी पाहिले. पश्चिमेचा खंदक दोन दाणे अरुंद होता. मी म्हणाले, "मेरे क़िले में ऐसी ग़लती नहीं होती. ये मेरा नहीं है."

मेहरसिंग हसले. "डॉक्टर साहिबा, इक वारी नाप ताँ लओ जी."

मी मोजले नाही. बयानावर सही केली. त्यांना घेऊन पोलिसांची जीप गेल्यावर मोजले. नकाशा अचूक आहे. खंदक मीच चुकीचा बांधला आहे.

त्यानंतर ठाण्यात चार वेळा गेले. उत्तर एकच: "बयान तो हो गया, मैडम जी. साइन आपके हैं."

४. म्हणून येथे लिहून देते की तो नकाशा माझ्या किल्ल्याचा आहे, टिपांतील शब्द माझे आहेत आणि माझे आधीचे बयान चुकीचे आहे. या कागदाची प्रत वकील पद्मिनी सूद यांनी सोमवारी न्यायालयात द्यावी व किल्ला नकाशाशी ताडून पाहण्याची मागणी करावी. खटला संपल्यावर किल्ला मेहरसिंग यांचा. त्यांना तो घ्यावासा वाटला तर.

५. तोपर्यंत पश्चिमेच्या खंदकाला कोणीही हात लावू नये. दिवाणखान्याला कुलूप घालून किल्ली वसुधाने ठेवावी. मी वाचून घरी आले आणि मागितली, तरी मेहरसिंग सुटेपर्यंत ती मला देऊ नये.

स्वाक्षरी: रत्नप्रभा वैशंपायन

आमच्यासमक्ष सही केली:
डॉ. हेरंब पटवर्धन
सरोज सहस्रबुद्धे

चंदीगड, ९ मार्च १९८८