मोबाईलमधला बाबा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

ठरलं. ॲप करायचं! मानवतच्या पोरांना रोज कॉम्प्युटर शिकवते आणि स्वतःच्या घरासाठी इकडची काडी तिकडं करत नाही, हे काही बरं नाही.

दुपारी त्रिवेणीनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. "आई, बाबा कसा हसायचा?" मला सांगताच येईना. विरेश गेला तेव्हा ही नीट उभीही राहत नव्हती. पाथरी रोडवर त्याची गाडी घसरली आणि या घराचं बोलणंच बंद झालं. अप्पा, म्हणजे माझे सासरे, तेव्हापासून पोराचं नाव तोंडातून काढत नाहीत. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, काढतात, पण लगेच पदर डोळ्याला. मी तर दोघांसमोर विषयच काढत नाही. मग या पोरीला तिचा बाप सांगणार कोण?

तर — मोबाईलमध्ये एक खासगी जागा. मी, अप्पा, आत्याबाई. तिघंच. फोटो टाका, लिहा, नाहीतर नुसतं बोला. त्रिवेणी मोठी झाली की सगळं तिचं.

घाईचं कारण आहे. ते आज नको.

४ नोव्हेंबर

बरं, लिहूनच टाकते. भाऊबीजेला माहेरी गेले तर परमेश्वरदादानं स्थळ समोरच बसवलेलं! महारुद्र. पालमला जनावरांचे डॉक्टर. आपल्यातलेच. बायको पहिल्या बाळंतपणात गेली. माणूस मला आवडला — झालं, लिहिलं! चहा गार होईपर्यंत त्रिवेणीबद्दलच विचारत होते.

पण पोरीला दुसरा बाप मिळायचा आणि पहिला मिळायच्या आधीच पुसला जायचा, हे मला नको. आणि अप्पांना सांगायचं कुणी? आमच्या लिंगायतांत विधवेचं लग्न होतं, त्यात नवं काही नाही. पण सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहून ते म्हणायचं म्हणजे! दादाला म्हटलं, थांब जरा.

९ नोव्हेंबर, रविवार

फजिती! आत्याबाईंना बोलायला बसवलं. छान रंगल्या. "बारका असताना मुगाच्या पोत्यांमागं जाऊन झोपला, अन् आमी साऱ्या गल्लीत हुडकायलोय!" जतन करायला गेले तर लाल अक्षरं — दिनांक भरा.

"आत्याबाई, तारीख?"

"तारीख मला काय ठाव? मूग वाळू घातले होते तवा."

"साल तरी?"

"दुकानाचे पत्रे उडाले की, त्या साली."

मी अंदाजानं एक तारीख ठोकली. तर म्हणाल्या, "लेकराच्या गोष्टीत खोटं नको घालू," आणि उठून गेल्या.

चूक माझीच. तारीख वर्गाच्या हजेरीला लागते. इथं कशाला? रकाना उडवला. त्या जागी नुसतं 'कधीची गोष्ट?' आणि पुढं मोकळी जागा. आता तिथं आहे: मूग वाळू घातले होते तवा.

१० नोव्हेंबर

आत्याबाई सुटल्यात! भाकरी थापता थापता बोलतायत. विरेशच्या हसण्याची नक्कल करून दाखवली — अगदी घोडा! त्रिवेणी लोळली. मीही.

१३ नोव्हेंबर

"अप्पा, इथं दाबायचं आणि बोलायचं."

"बरं," म्हणाले आणि सरकी-पेंडीच्या दुकानात निघून गेले. यांच्यापुढं डोकं फोडून घ्यावं!

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अप्पा पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळाला विभूती. त्रिवेणी शेजारी मांडी घालून. तिच्या तळहातावर काय, तर माझा मोबाईल! त्याला विभूती फासलेली, वर बेलाचं पान. बोलायच्या भोकात राखच राख! मी ओरडणारच होते, तेवढ्यात अप्पांची पूजा आटपली.

"हे काय करायलीस बाळा?"

"बाबाची पूजा. बाबा यात हाय."

अप्पांनी तिच्या हातातून तो काढून घेतला. धोतराच्या सोग्यानं मोबाईल पुसत बसले, किती तरी वेळ. मला तिथं थांबवेना.

१८ नोव्हेंबर

अप्पांच्या नावावर आवाज आलाय! आमच्यातला नमस्कारसुद्धा घातलाय: "हॅलो... हॅलो. शरणार्थी. कोण बोलायलंय?" मग पोती सरकवल्याचा आवाज, गिऱ्हाइकाशी दोन शब्द. पुन्हा, "अरे, पलीकडून कुणी बोलंना की." फोनच समजले!

हसून हसून पोट दुखलं. मग एकदम रडू आलं. पलीकडून कोण बोलावं असं वाटलं असेल त्यांना?

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं त्यांना — पलीकडं मोठी झालेली त्रिवेणी आहे असं समजा. मान हलवली. संध्याकाळी ऐकलं:

"त्रिवेणी, तुझा बाप लय हट्टी. मी दुकानात बसवायलो, अन् त्याला गाड्या उघडायच्या. लय बोललो त्याला मी. पण नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा. मानवतमधी तसा मिस्त्री न्हाई." मग, "विरेश. विरेश नाव त्याचं."

नाव घेतलं! मी आणि आत्याबाई एकमेकींना धरून बसलो. 'कधीची गोष्ट?' पुढं त्यांनी लिहिलंय: रोजची.

२७ नोव्हेंबर

दादाचा फोन. पालमची माणसं किती थांबतील? म्हणून आज सांगून टाकलं. म्हणजे सांगितलं आत्याबाईंना, चुलीपाशी, पण ओसरीवर अप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. या घरात असंच सांगतात. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. अप्पा जेवले आणि गेले.

२८ नोव्हेंबर

अप्पा गप्प. ॲपवरही काही नाही. आता कुठं बोलायला लागले होते, आणि मीच घाण केली का? भीती वाटते.

३० नोव्हेंबर, रविवार

अप्पा सकाळच्या एसटीनं कुठंतरी गेलेत. आत्याबाईंनाही सांगितलेलं नाही. अजून आले नाहीत.

१ डिसेंबर

अप्पांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "यात पालमच्या डॉक्टरला घे. काल भेटून आलोय. आधी हे समदं ऐकू दे त्यांना. पोरीनं बापाचं इचारलं तर सांगता आलं पाहिजे. मग तारीख काढू."