रूपलाचा मागे गेलेला हात

शेलूबाजारजवळचा तांडा, जि. अकोला
ता. ६ फेब्रुवारी १९५६

प्रिय जगदेव आणि रिलेतले दोघे सोबती,

कोलंबोला तुम्ही चौघे छातीवर देशाचं नाव लावून धावलात आणि मद्रासला उतरताच अधिकाऱ्यांनी तुमच्या अंगावरचे संघाचे कोट काढून घेतले. तो अपमान चौघांचा आहे, म्हणून हे पत्र रूपला सोडून उरलेल्या तिघांना. त्या दोघांना मराठी येत नाही. जगदेव, तू हिंदीतून सांग.

आम्ही खुशाल आहोत. हरभरा बरा आहे. गेल्या वर्षी तू इथे सात भाकरी खाल्ल्यास, हे आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

रूपला समोर बाजेवर बसला आहे. त्याचा थोरला भाऊ म्हणून पत्र लिहायला मला बसवलं आहे. तो सांगतो ते असं: "लिही, उकंडरावांचं बोलावनं पोचलं असंल. तिघंबी या. मले काई झालं नाई."

लिहिलं. आता माझं ऐका.

उकंडराव इथले मोठे जमीनदार. गेल्या महिन्यात त्यांनी शंकरपट भरवला, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. रूपलाला सत्काराला म्हणून नेलं, हार घातला आणि भोंग्यावरून सांगितलं, "आता हा फॉरेनचा गडी आमच्या जोडीसंगं पळंल." त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. हार गळ्यात असताना माणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोमच्या रिंगणात माणसांना जनावरांपुढे सोडत, पण निदान त्याला सत्कार म्हणत नसत. मला त्या हाराच्या वासाची अजून किळस येते.

शेजारच्या पट्टीत बैल छकड्यासकट धावत होते. निम्म्यापर्यंत रूपला पुढे होता. मग मागून जोडी हाकणारा धुरकरी ओरडला, "हा!" जगदेव, रिलेत मागून येऊन त्याच्या हातात काठी देताना तू अशीच हाक देतोस. रूपलाने वळून पाहिलं नाही. पळता पळता त्याने उजवा हात मागे केला, पंजा उघडून.

मागे तू नव्हतास.

त्याची पावलं चुकली आणि तो मांडी धरून खाली बसला. बैल पुढे निघून गेले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "काय मांगून राह्यला बे बैलाले?" दुसरा म्हणाला, "गूळ मांगत असंल." सगळा पट हसला. उकंडरावही हसले. संध्याकाळी बैलांच्या पायांना तेल चोळायला चार गडी होते. रूपलाला मी पाठीवर घेऊन आलो.

मांडीचा स्नायू फाटला आहे. वाशीमचे डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांच्या आत धावलास तर जन्माचा लंगडा होशील. आणि शिवरात्रीच्या पटात उकंडरावांना चार जोड्यांपुढे चार माणसं हवी आहेत. त्यासाठीच तुम्हाला बोलावणं आहे, आणि रूपलाने हो म्हटलं आहे. पैशासाठी नाही. "जगदेव मांगं असला तं हात रिकामा राह्यत नाई. मंग हासनार नाई कोनी," म्हणतो. सभेत बोलायला उभा राहिलो तर हजार माणसं माझं ऐकतात. घरातलं हे एक ऐकत नाही.

आत्ताही विचारतो, "दोन ओळीचं काम, इतकं काहून लिहून राह्यला?" मी म्हटलं, हरभऱ्याचं लिहितो.

तुम्ही आलात तर तो धावेल. चौघे झाले नाहीत तर खेळ मोडेल आणि त्याचा पाय वाचेल. म्हणून हे पत्र वाचून होताच तारघरात जा आणि तिघांच्या नावाने उकंडरावांना एकच तार करा: येत नाही.

तो रागावेल, तुम्हाला दगाबाज म्हणेल. म्हणू द्या. त्याने पुन्हा हात मागे केला आहे आणि तो वळून पाहणार नाही. या खेपेला काठी देऊ नका.

तुमच्या तारेकडे डोळे लावून बसलेला,
दौलतसिंग