अठ्ठेचाळीस सेंटिमीटर जास्त

सोमवार, २ सप्टेंबर १९९१

नवी वही. क्लिअरिंग एजंटाने जानेवारीत भेट दिलेली, आठ महिने तशीच पडून होती. (भेटीची नोंद रजिस्टरात केली होती. केली असावी.) आजपासून रोज लिहिणार. टॅरिफ बुकाची रोज दहा पानं वाचणार. महिनाअखेरीस बढतीचा इंटरव्ह्यू आहे आणि या कस्टम चौकीवर वर्गीकरण कळतं ते फक्त मला. बाकीचे मालाकडे बघतात, मी कलमाकडे बघतो.

काल घरी बैठक झाली. दावीला जाऊन अठरा दिवस झाले. ती शवागारात आहे. अंत्यविधी शनिवारी, २१ला ठरला. दावी म्हणजे आमची थोरली बहीण, पण सगळं गावच तिला दावी म्हणायचं. मंडप, बँड, जेवण अशी कामं वाटली गेली. फोटोंचा विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो, फोटो माझ्यावर सोडा. फिल्म येते सीमेपलीकडून, लोमेहून, आणि येते ती माझ्यासमोरून. कोमलादादा म्हणाला, बघा, एक तरी माणूस सरकारात असावा.

दावीचा एकही फोटो नाही. काढू म्हटलं की म्हणायची, लोक मला रोज बघतात, फोटो कशाला? बत्तीस वर्षं लॉरी स्टँडवर मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी विकली तिने. माझ्या कस्टमच्या अर्जाचा फोटोही तिच्याच पैशाने निघाला. स्टुडिओत तिने माझी कॉलर नीट केली आणि पटकन बाजूला झाली. ओळखपत्रावर अजून तोच फोटो आहे. आता शनिवारी ती दर्शनासाठी सजवलेल्या पलंगावर निजेल, तेवढा एक दिवस. तिचा फोटो निघाला तर तेव्हाच.

दहापैकी चार पानं वाचली.

गुरुवार, ५ सप्टेंबर, दुपारी

संधी चालून आली. आकोफाचं पार्सल आलं. आकोफा म्हणजे स्टँडमागच्या स्टुडिओची मालकीण, आपले फोटो तीच काढणार. गोल चपटा डबा, चिकटपट्टीने सील केलेला. कागदावर लिहिलंय "कॅमेऱ्याची फिल्म". डब्यावर लिहिलंय शंभर फूट. म्हणे अशी एकसंध घेतली की स्वस्त पडते, अंधाऱ्या खोलीत कापून ती छोट्या नळ्यांत भरते.

शंभर फूट! दुसऱ्या कोणी शिक्का मारून सोडून दिलं असतं. मी आकडेमोड केली. तीस मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. टॅरिफ बुकात फिल्मची वाटणी लांबीवर आहे. तीस मीटरच्या आत एक ओळ, तीसच्या पुढे दुसरी ओळ आणि दुसरी ड्युटी. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर जास्त! एवढी वर्षं हे लोक आमच्या नाकासमोरून नेत होते.

आकोफा म्हणाली, विन्फ्रेडभाऊ, ही तुमच्या दावीच्याच फोटोंसाठी आहे हो. मी म्हणालो, म्हणूनच. घरचं काम म्हणून सोडलं तर उद्या लोक काय म्हणतील? ती म्हणाली, मग दुसऱ्या ओळीची ड्युटी घ्या आणि मोकळं करा, मी भरते. पण डब्यावर लिहिलेलं म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मोजमापात असतो. तसं तिला समजावलं. तिचा चेहरा उतरला. कायदा कोणालाच गोड लागत नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

टॅरिफ बुकाच्या टिपा वाचल्या. "प्रकाशित न झालेली" आणि "प्रकाशित झालेली" असेही दोन भेद आहेत. तो मुद्दा लांबीनंतर बघू. एका वेळी एक.

एनयोनामने रात्रीच्या जेवणाला विचारलं, फिल्मचं झालं ना? प्रक्रियेत आहे, म्हटलं. ती म्हणाली, तुमच्या प्रक्रियेत गेल्या वर्षी माझ्या आत्याचे टोमॅटो सडले. बायकोने जुन्या फायली उघडू नयेत.

मंगळवार, १० सप्टेंबर

आज मोजणी केली. हा दिवस लक्षात राहील.

सकाळी अकरा, ऊन लख्ख, म्हणजे आकडे वाचायला उत्तम. अंगणात जमीन झाडून घेतली. कापडवाल्याकडून टेप आणली. डब्यावर सूचना होती, फक्त पूर्ण अंधारात उघडा. अशी सूचना कोण लिहितो? ज्याला काही लपवायचं असतं तो. आत आणखी एक काळी पिशवी, घट्ट दुमडलेली. संशय बळावला. सगळं रिपोर्टात घेतलं.

एक टोक हमालाकडे दिलं, दुसरं मी धरलं. गुळगुळीत पट्टी, वाऱ्याने सारखी वळायची. शेळी एकदा तिच्यावरून चालत गेली. पहिली मोजणी ३०.५२. दुसरी ३०.४७. तिसरी ३०.६१, पण तेव्हा हमाल शिंकला. सरासरी काढली. पाऊण तास लागला, पण शंकेला जागा ठेवली नाही. मोजता मोजता पट्टीचा रंग किंचित बदलल्यासारखा वाटला. उन्हाचा परिणाम असावा.

फाटकापाशी संत्री विकणाऱ्या बाईने विचारलं, साहेब, लग्नाची रिबीन का? या लोकांना काय कळणार.

चार पानी रिपोर्ट लिहिला. एक प्रत इंटरव्ह्यूच्या फायलीत.

बुधवार, ११ सप्टेंबर

आकोफा आली. टेबलावर पट्टीची गुंडाळी बघितली आणि बाकावर बसली. मी रिपोर्ट वाचून दाखवायला घेतला तर हात वर करून थांबवलं. मग सांगितलं, अगदी हळू, की फिल्मला ऊन लागलं की ती मेली. तिच्यावर आता दावी काय, कोणीच उमटणार नाही. लोमेचा दुकानदार पुढच्या महिन्यापर्यंत माल देणार नाही. हे आता मोजलंत ना साहेब, म्हणाली, तर गळ्यात घाला, बरं दिसेल.

आजवर मी विन्फ्रेडभाऊ होतो. आज साहेब झालो.

मला माहीत होतं. म्हणजे फिल्म अंधारात ठेवतात हे कोणाला माहीत नसतं? पण मी फिल्म बघतच नव्हतो, मी लांबी बघत होतो. दुपारचा डबा खाल्ला नाही. एनयोनामने मक्याचं आक्पले आणि मासे दिले होते, शिपायाला दिले. लाज वाटली. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार लाज वाटली.

संध्याकाळी उपाय सुचला. ऊन लागलं म्हणजे माल आता "प्रकाशित झालेली" फिल्म. तिची ओळच वेगळी, ड्युटीही कमी पडेल. म्हणजे आकोफाचा काहीसा फायदाच झाला. उद्या तसा सुधारित आदेश काढतो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मिसेस डोटसे, आमच्या प्रमुख, यांनी रिपोर्ट आणि सुधारित आदेश दोन्ही वाचले. मी उभा. विचारलं, मोजणी कुठे केली? अंगणात, मॅडम. किती वाजता? अकरा, मॅडम. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाल्या, मिस्टर क्पोडो, वर्गीकरण बरोबर आहे.

मी आभार मानले.

मग म्हणाल्या, फक्त वस्तू उरली नाही.

पुढच्या सोमवारपासून माझी जुन्या कपड्यांच्या शेडमध्ये बदली केली आहे. तात्पुरतं असेल. अनुभव वाढावा म्हणून. इंटरव्ह्यूबद्दल बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

शेवटची बैठक. अंत्यविधीला घालायचं एकसारखं काळं-लाल कापड वाटलं. कोमलादादाने विचारलं, फोटो? मी म्हणालो, सगळं व्यवस्थित. असं कसं म्हणालो कोण जाणे, तोंडातून गेलं. भाची डेला म्हणाली, मामा, मला मावशीच्या उशाशी उभं राहून हवाय, तिने मला वाढवलंय. लिहून घेतो, म्हणालो, आणि खरंच लिहून घेतलं. मग सगळेच सांगायला लागले. कोणाला पायाशी, कोणाला नातवंडांसकट. दीड पान यादी झाली. सुबक अक्षरात.

उद्या रजा काढून लोमेला जाणार, फिल्म आणणार. पक्कं.

सोमवार, १६ सप्टेंबर

रजा नामंजूर. नव्या शेडमध्ये पहिल्या दिवशी रजा कोण मागतं, असं विचारलं. दिवसभर पँटी मोजल्या.

बुधवार, १८ सप्टेंबर

बाजारात दोन दुकानं पालथी घातली. एकाकडे फिल्म होती, मुदत संपून तीन वर्षं झालेली. दुकानदार म्हणाला, तुम्ही कस्टमचे ना, तुम्हीच तर अडवता. वाद घातला नाही.

आकोफाकडे गेलो. खरं तर तीनदा दारावरून परत फिरलो, चौथ्यांदा आत गेलो. माझी योजना सांगितली. शनिवारी तिने रिकामा कॅमेरा घेऊन यावं, फ्लॅश मारावा, लोक उभे राहतील, समाधान पावतील. नंतर सांगू की धुताना बिघडली. दोष कोणाचाच नाही. बोलताना माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. बहिणीला अखेरचा निरोप द्यायचा आणि त्यात असला खेळ! पण दुसरा मार्ग काय?

आकोफा म्हणाली, तुमची दावी मला स्टुडिओ काढला तेव्हा पहिला महिनाभर उधारीवर केंकी द्यायची. मी येईन, बाकी माझ्यावर सोडा.

समजूतदार बाई. ओझं उतरलं. तिला लोकांची यादी दिली, उगाच संशय नको.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दावी घरी आली. पांढरी लेस, सोनेरी पलंग, केस विंचरलेले. एनयोनामने तिच्या कपाळावर हात ठेवला. मी दाराशीच उभा राहिलो. मंडपवाल्याशी बोलायचं होतं.

शनिवार, २१ सप्टेंबर

सगळं पार पडलं. सकाळी सातपासून रांग. आकोफाने फ्लॅश लावला, कॅमेरा हातात, अगदी खऱ्यासारखी. एक एक जण पलंगापाशी जायचा, ती थांबायची, बघायची, आणि मगच बटण दाबायची. रिकाम्या कॅमेऱ्यावर एवढी मेहनत! मनात म्हटलं, कलाकार आहे. मी रांग सांभाळली. यादी वाचून नावं पुकारली, मुलांना पुढे केलं, कोमलादादाची टोपी सरळ केली.

आकोफाने मला हाक मारली, विन्फ्रेडभाऊ, या, उभे राहा. आधी बाकीचे होऊ देत, म्हणालो. पुन्हा हाक मारली. आलोच, म्हणालो, आणि बँडकडे गेलो. तिसऱ्यांदा ती स्वतः जवळ आली, म्हणाली, आता दोनच उरलेत. मी तिच्या कानात म्हणालो, माझ्यापुढे कशाला नाटक? तिने माझ्याकडे बघितलं. परत जाऊन तिने डेलाला एकटीला पलंगाशी उभं केलं आणि मग एकट्या दावीचा काढला.

दावीजवळ मी गेलोच नाही. कॅमेरा रिकामा, त्याच्यापुढे हात जोडून उभं राहायचं आणि तिच्याकडे बघायचं? जमलं नाही. शवपेटीला झाकण लावायची वेळ झाली तेव्हा गेलो, तर भोवती गर्दी.

मंगळवार, १ ऑक्टोबर

बढती दुसऱ्याला. कपड्यांच्या शेडमध्ये कायम. आता फोटो "बिघडल्याचं" घरी सांगायला हवं. रविवारी सांगतो. वाक्य तयार केलंय, "तांत्रिक कारणाने".

रविवार, ६ ऑक्टोबर

मी तोंड उघडायच्या आत आकोफा आली. हातात पाकीट.

छत्तीस फोटो. हो शहरातून, तिच्या मावसभावाच्या स्टुडिओतून ती एक रोल उसना घेऊन आली होती. शुक्रवारी बसने जाऊन, बसने येऊन. मी विचारलं, सांगितलं का नाही? ती म्हणाली, तुम्ही कुठे विचारलंत? रिकामा आहे असं ठरवूनच तर आला होतात तुम्ही.

सगळ्यांनी जमिनीवर मांडून बघितले. दावी स्वच्छ आलीय, भुवईवरची खूणसुद्धा. डेला रडली. कोमलादादा म्हणाला, विन्फ्रेडने काम चोख केलं. आकोफा गप्प बसली. मीही बसलो.

मग एनयोनामने विचारलं, यात तुम्ही कुठे?

सगळे शोधायला लागले. छत्तीसात एकातही नाही. एकदा सगळ्यांनी, एकदा मी एकट्याने, हळूहळू. एका फोटोत कडेला काळ्या-लाल बाहीचं एक कोपर आहे आणि हातात यादीचा कागद. एनयोनाम म्हणाली, अहो, सख्ख्या बहिणीपाशी मिनिटभर उभं राहवलं नाही तुम्हाला? तयार केलेलं वाक्य खिशातच राहिलं.

फोटोंच्या मागे नावं घालायचं काम माझ्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. डावीकडून उजवीकडे, पूर्ण नावं, नात्यासकट. तो फोटो आला तेव्हा वेळ लागला. शेवटी लिहिलं. "मध्यभागी दावी. उशाशी कोमला आणि नातवंडं. डाव्या कडेला, कोपर, विन्फ्रेड, धाकटा भाऊ." शाई वाळेपर्यंत धरून बसलो, मग बाकीच्यांत ठेवून दिला.