नाताळपर्यंत येईल

बाई, तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात, आणि तेव्हाही आवाज चढवला नव्हता. एरवी तुम्ही शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण मनाला लागलेलं काही सांगायचं असलं की तुमच्या तोंडी वऱ्हाडी यायची. त्या दिवशी तुम्ही वऱ्हाडीतच बोललात. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात अकोल्याला मला कुणीतरी भेटलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या कुणाला सांगायला बसले तर सांगता सांगता मी माझी बाजू जराशी सावरून घेईन. ती सवय मला आहे, आणि ती तुमच्याइतकी कुणाला माहीत नव्हती.

त्या वर्षांत आपण दोघी दर शनिवारी मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपने एका गावी जायचो. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही खेड्यांतल्या मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगायचं काम अंगावर घेतलं होतं. मी तुमची जुनी विद्यार्थिनी, बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसलेली. गाणी म्हणायला आणि चित्रं लावायला तुम्ही मला सोबत घेतलंत. जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली, तुमच्या मांडीवर चित्रांची पिशवी, आणि फाट्यावर उतरलं की अर्धा कोस काळ्या मातीतून चालणं. पहिल्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्याने पारावरच तुम्हाला अडवलं होतं. "बाई, धरम बदलायले तं नाई आल्या ना?" तुम्ही म्हणालात, "गोष्टी सांगायले आली, दादा. माह्या देवाच्या हायत, ते काही लपवत नाई. आवडल्या तं ऐका, नाई आवडल्या तं चहा पाजून वाटेले लावा." म्हातारा हसला. त्याने खरंच चहा पाजला, आणि मग स्वतःच निंबाखाली येऊन बसला.

ते गाव खारपाणपट्ट्यातलं, तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. येशूने जिच्याकडे पाणी मागितलं त्या, भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट तुम्ही सांगताय, हिरव्या कापडाच्या फळीवर मी विहिरीचं चित्र लावतेय, आणि पुढे बसलेली एक पोर मध्येच विचारते, "बाई, त्या विहिरीचं पाणी गोडं होतं का खारं?" तुम्ही म्हणता, "गोडंच असंन. खाऱ्या पाण्यासाठी एवढ्या उन्हात कोण जाईन?" सगळा पार हसतो, मागे उभ्या असलेल्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसतात. गोष्ट संपल्यावर मला तात्पर्य सांगायचं होतं, तोंड उघडलंही होतं, पण तुम्ही माझा हात दाबलात. परतताना जीपमध्ये म्हणालात, "गोष्ट संपली की उठायचं. आपण तिथंच बसून राहिलो तर लेकरांना वाटतं, यांना आपल्याकडून काहीतरी पाहिजे." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मला पाहिजे होतं, बाई. कुणीतरी रडावं, कुणीतरी हात जोडावे, माझ्या सांगण्याने काहीतरी घडलेलं दिसावं, असं मला फार वाटायचं.

पाण्याचं विचारणारी ती पोर आठ-नऊ वर्षांची होती. तिचा बाप अकोटच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाचं सगळंच बिघडलेलं, ते जिनिंग बंद पडलं आणि तो सुरतेला गेला. पहिले काही महिने निरोप येत होते, मग तेही थांबले. हे सगळं मला माहीत होतं. गावात कुणालाच ते नवीन नव्हतं, तिच्यासारखी आणखी चार घरं होती.

दिवाळी होऊन गेल्यावर तुम्हाला ताप आला आणि एका शनिवारी मी एकटीच गेले. उधळ्या पुत्राची गोष्ट मी मुद्दाम निवडली होती, कारण ती मला चांगली सांगता यायची. घर सोडून गेलेला मुलगा, त्याची वाट पाहणारा बाप, लांबूनच मुलाला ओळखून धावत सुटलेला बाप. मी धावूनही दाखवलं. मुलं गप्प झाली होती, आणि त्या शांततेची मला चव लागली. तेवढ्यात ती पोर म्हणाली, "अन् बापच गेला असंन तं?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित तुम्ही तिला जवळ घेऊन गप्प बसला असता. मी मात्र सगळ्यांदेखत तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मग तू वाट पाहा. रोज प्रार्थना कर. प्रभू ऐकतो. नाताळपर्यंत तुझा बाबा येईल." नाताळपर्यंत, असं का म्हणाले? नाताळ महिन्याभरावर होता आणि वाक्य छान जमून आलं होतं, एवढंच त्याचं कारण.

पुढच्या खेपेला तुम्ही बऱ्या होऊन आला होता. तुम्ही मुलांकडे गेलात, आणि तिची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, पोरगी रोज सांजच्याले फाट्यावर जाऊन बसून राहिली. गाडी आली का उठते, गेली का बसते. घरी ये म्हटलं तं आयकत नाई." ती तक्रार करत होती. मला ती स्तुती वाटली. एवढ्याशा लेकराचा केवढा विश्वास, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला. तुम्हाला मी काहीच सांगितलं नाही. नाताळ आला, गेला. तो आला नाही.

जानेवारीत अमरावतीला मेळावा होता. मुलांमध्ये काम करण्यासाठी एका संस्थेला माणूस हवा होता आणि त्यांची मोठी मंडळी ऐकायला बसणार होती. मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने केलेलं काही सगळ्यांपुढे सांगायला, उभं केलं. मी त्या पोरीची गोष्ट सुरू केली. विहीर, खारं पाणी, फाटा, रोजची संध्याकाळ, सगळं खरं होतं. लोक पुढे सरकून ऐकत होते. नाताळच्या संध्याकाळपर्यंत आले आणि मला दिसलं, की ही गोष्ट इथे अशीच थांबली तर सगळे नुसते माझ्याकडे बघत राहतील. मग माझ्या गोष्टीत मी फाट्यावर एस.टी. थांबवली. तिच्यातून त्याला उतरवलं, खांद्यावर पिशवी दिली, आणि पोरीला त्याच्याकडे धावायला लावलं. मांडवात "आमेन, आमेन" झालं. बाया रडल्या. मीही रडले, बाई, आणि ते रडणं खोटं नव्हतं, याचीच मला आता जास्त लाज वाटते. तिसऱ्या रांगेत तुम्ही बसला होता. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, मांडीवरच्या हातांकडे पाहत होता.

जेवणं झाल्यावर नळाशी तुम्ही ताट विसळत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "तो आला का?"

मी म्हणाले, "बाई, लोकांचा विश्वास वाढावा म्हणून…"

"मी ते नाई इचारलं. तो आला का?"

"नाही."

"अन् नाताळचं त्या लेकराले तू सांगितलं?"

मी मानेनेच हो म्हटलं. तुम्ही ताट उपडं ठेवलंत, पदराला हात पुसलेत. "अठी मांडवात जे बोलली ते तुहं अन् देवाचं. मी त्यात पडत नाई. पण ते लेकरू अजूनही फाट्यावर बसून असंन. उद्या जा, अन् मले माहीत नोतं, मी उगाच बोलली, असं तिले सांग." एवढंच. मी "हो" म्हणाले.

मी गेले नाही. त्या आठवड्यात संस्थेचा निरोप आला, मग अमरावतीला खोली पाहणं, सामान नेणं, कारणं भरपूर होती. तुम्ही आणखी दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलं नाहीत. मार्चच्या सुमारास मी मूर्तिजापूरला भेटायला आले तेव्हा तुम्ही खाली बसून ज्वारी निवडत होता. म्हणालात, "मी जाऊन आले." मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही. निघताना चित्रांची पिशवी माझ्या हातात दिलीत, गुडघे आता चालत नाहीत म्हणून. सगळी चित्रं गोष्टीवार कागदात बांधलेली, प्रत्येक कागदावर तुमचं ते वळणदार अक्षर. तुम्ही दोन शब्द बोलला असता तर मला ती पिशवी जरा हलकी वाटली असती. त्याच चित्रांवर मी पुढे वीस वर्षं काम केलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली म्हणतात, ताईंसारखी गोष्ट कुणाला सांगता येत नाही. ती साक्ष मी आणखी तीनदा दिली, तुम्ही नसाल अशा ठिकाणी. त्यानंतर पुन्हा उभी राहिले तेव्हा मी दुसरंच काही बोलले.

गेल्या महिन्यात ह्यांच्या मोतीबिंदूसाठी अकोल्याला दवाखान्यात होतो. तिथली एक नर्स माझ्याकडे सारखी पाहत होती. शेवटी जवळ येऊन म्हणाली, "तुमी आमच्या गावात चित्रं घेऊन येत होत्या ना? गाणं लय मस्त म्हणत होत्या." तिने गावाचं नाव सांगितलं, आणि पाण्याचं विचारणारी ती पोर मीच, असंही म्हणाली. तिची सुट्टी झाल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बाप कधीच आला नाही. त्याने सुरतेलाच दुसरं घर मांडलं, हे तिला दहावीत असताना कळलं. हे ती अगदी सहज सांगते. मग म्हणाली, "ते म्हाताऱ्या बाई हायत का?" तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. आणि मग तिने मला तो दिवस सांगितला, जो तुम्ही मला सांगितला नव्हता.

तुम्ही एकट्या गेला होता, उन्हाची. त्यांच्या अंगणात खालीच बसलात आणि तिला समोर बसवून म्हणालात, तुझा बाप येईन का नाई ते मले माहीत नाई, नाताळचं आमी उगाच बोललो, चुकलं आमचं. तिने विचारलं, "मंग मी वाट पाहू का नको?" तुम्ही म्हणालात, "पाहावं वाटलं तं पाहा. पण उन्हात नको, अन् शाळा बुडवून नको." संध्याकाळी ती फाट्याकडे निघाली तर तुम्हीही उठलात. ते दुखरे गुडघे घेऊन अर्धा कोस तिच्यासोबत चाललात. दोघी दगडावर बसून राहिलात. "चार गाड्या गेल्या," ती म्हणाली, "बाईनं गोष्ट नाई सांगितली, प्रार्थनाबी नाई केली. फक्त बसल्या. मले भूक लागली तं पिशवीतून भाकर काढून देली." शेवटच्या गाडीने तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवसापासून ती फाट्यावर गेली नाही.

आणि मग, बाई, ती म्हणाली, "मले याचंच नवल वाटते. बाप नाताळले येईन म्हणून बाईनंच सांगितलं होतं, अन् त्याच पुन्हा माफी मागायले आल्या. कोण येते असं?"

तिला तुम्हीच आठवता. तो शब्द देणारी तिच्या डोक्यात तुम्हीच आहात. तुम्ही तेव्हा माझं नाव घेतलं नसणार, आणि इतक्या वर्षांत दोन बायांची एक बाई झाली. मी तिच्या शेजारी बसले होते, आमच्यामध्ये तिची पर्स आणि माझी पाण्याची बाटली. मी म्हणाले, "हो, बाई तशाच होत्या."

तिने जाताना तिचा नंबर दिला, काही लागलं तर फोन करा म्हणून. तो शब्द माझा होता हे तिला सांगायला तीन आठवडे मी वाक्यं जुळवत होते. हे पत्र लिहायला बसायच्या आधी, आज सकाळी, तिला फोन लावला. तिने लगेच उचलला आणि "बोला ताई" म्हणाली. मी विचारलं, ह्यांच्या डोळ्यांत थेंब दिवसातून किती वेळा टाकायचे. ते चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, बाई, आणि चिठ्ठी माझ्या समोरच होती.