शबानाला नव्या एडिशनची घाई

रविवार, संध्याकाळ

शबानाला एवढी घाई काहून? मी, ती आणि वंदना, पाच वर्षं दर रविवारी माझ्या घरी रोलप्लेइंग गेम खेळतोय. गोष्ट मी सांगते, त्या दोघी आपापली पात्रं चालवतात, फासे टाकतात. जुने नियम बदलायचे न्हाईत, असं शबानाच म्हणायची. आज तीच या गेमच्या नव्या एडिशनचं, बदललेल्या नियमांचं पुस्तक घेऊन आली.

"नियम सोपे हायेत. दोघी असल्या तरी खेळता येतं."

दोघी? आमी तर तिघी. चहाच्या वेळी पुन्हा तेच, "दोघींत बी बराबर जमतं." वंदना नुसती खाली बघत बसली.

म्हणजे मला बाजूला सारून खेळणार? पुस्तक शबानाचं, मग गोष्टही तीच सांगणार. त्या गेल्यावर न राहवून वंदनाला फोन लावला.

"खरं सांग, मला काढून राहिल्या का तुमी?"

ती म्हणाली, "न्हाई गं. माझी बदली झाली, नागपूरला. शबानाला म्हणलं, तूच तिला सांग, मला सांगवत न्हाई."

म्हणजे त्या 'दोघी' मी आन् शबाना. वंदनाच्या हातात जायच्या आधी तीन रविवार आहेत. शबानाला कळवलं, तोवर जुनेच नियम.

वंदनाच्या पात्राला गोष्टीतून कुठं धाडायचं, ते मात्र सुचत न्हाई.