विमानाच्या मोटरीची तिसरी फेज

११ जानेवारी १९८७, रविवार
सोसायटीनं डायरी फुकट दिली. रोज लिहायचं, थोडक्यात. पाल्हाळ न्हाय.

आमच्या जैनोद्दीनच्या युसुफनं कुवेतहून रिमोटचं विमान आणलं. सुट्टी संपली, पोरगं परत गेलं, विमान बापाला ठेवलं. सकाळी जैनोद्दीननं मैदानात उडवून दाखवलं. पिंपळाला एक चक्कर, अन् सरळ पायाशी. व्यंकट चेअरमन खुश. २६ ला तलावावर उपसा स्कीमचं उद्घाटन हाय, तवा पाहुण्यांवरनं फिरवायचं म्हणले. तलावात पाणी गुडघाभर, मोटरी तीन.

म्या म्हणलं, आधी सर्व्हिसिंग पाहिजे. तीस वर्सं मोटरी बघतोय. चेअरमन सगळ्यांसमोर बोलले, आबाराव, विमान नीट चाललं तर तिन्ही मोटरींचं काम तुमच्याकडंच. न्हायतर स्टँडवरच्या मेकॅनिक श्रीमंतकडं. श्रीमंत आयटीआय झालेला. खिशाला तीन पेन.

विमान घरी आणलं. नवी मोटर म्हणून नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं, नजर लागू नये म्हणून काळा दोरा. विहिरीच्या मोटरीला बॉडीवर बांधतो. हिची बॉडी विमानाच्या पोटात. म्हणून पंख्याच्या मागं, दांड्यावर बांधला. सात वेढे.

१२ जानेवारी
चालू केलं. मोटर गुणगुणायलीय, फिरंना. लगेच ओळखलं. सिंगल फेजिंग. तीनातली एक फेज गेली की असंच हुतंय. मोजल्या तर वायरी दोनच! कुवेतच्या दुकानदारानं युसुफला फसवलं.

बायको चांगुणा म्हणली, काल ह्याच दोन वायरीवर उडलं की. म्हणलं, काल नशिबानं उडलं. म्हणली, दोरा लई घट्ट दिसतोय. म्हणलं, भाकरी करपायलीय बघ.

१३ जानेवारी
तिसरी वायर हुडकली. पोट उघडलं, शेपटी उघडली. न्हाय.
उद्या दुपारपर्यंत काम खलास करणार.

१४ जानेवारी, संक्रांत
दुपारपर्यंत झालं न्हाय. सणाचं कोण काम करतंय.

१५ जानेवारी
मोटर भाईर काढली. दोरा जपून सोडून देवापुढं ठेवला. सुटी मोटर टेबलावर लावली तर भर्रकन फिरली! म्हणजे मोटर चांगली, माझं निदान बरोबर. फॉल्ट विमानात.
परत बसवली. दोरा बांधला, ह्या खेपेला नऊ वेढे. बंद.
म्हणजे लोड जास्त. साधी गोष्ट. श्रीमंतला हे सुचलं नसतं.

१७ जानेवारी
पंपाला लोड झाला की आतलं चाक तासून बारीक करतो आमी. हितं पंखाच तासायचा. हॅक्सॉ घेतला, दोन्ही टोकांनी इंच इंच कापला. लई सफाईदार कापला. जैनोद्दीन आला, बघून खालीच बसला. आबाभाई, ये क्या किया, म्हणला. म्हणलं, लोड कमी केला, तू गप बस. युसुफने पहली पगार से लिया है, म्हणला. म्हणलं, म्हणूनच तर नीट करायलोय. चहा न पिता गेला.

मोटर बंदच.

१९ जानेवारी
चाकं काढली. चाकांचा लोड काय कमी हाय? हवेत चाकं कशाला लागत्यात.
बंद.

२१ जानेवारी
व्होल्टेजचा फॉल्ट. सगळ्या गावाला व्होल्टेज न्हाय, विमानाला कुठनं येणार. टॉर्चचे दोन सेल जोडले. जोरात गुणगुणली, धूर आला. वाइंडिंगची तार जळाल्याचा वास. चांगुणा म्हणली सुताचा वास हाय. नाकं दोघांची सारखी नसत्यात.

श्रीमंत सायकलवरनं जाताना इचारतो, काय आबा, तिसरी फेज घावली का? कुणी सांगितलं ह्याला? चांगुणावर संशय. दोन दिवस तिच्याशी बोलायचं न्हाय.

२२ जानेवारी
बोलावं लागलं. पान्हा तिनंच उचलून ठेवलेला.

२४ जानेवारी
विश्रांती. डोकं थंड असलं की फॉल्ट घावतो.

२५ जानेवारी, रविवार
न्हाय घावला.

सांजच्याला चेअरमन अन् जैनोद्दीन आले, संगं श्रीमंत. म्या सगळा फॉल्ट समजावून सांगितला, फेज, लोड, व्होल्टेज. श्रीमंतनं ऐकून घेतलं. मग खिशातनं ब्लेड काढलं अन् दोरा कापला. निम्मा दोरा दांड्याबरूबर आत वढला गेला हुता, तो चिमट्यानं काढला. काळा, जळलेला. बटण दाबलं. भर्रर्र.

श्रीमंत म्हणला, आबा, दोरा कुणी बांधला? म्हणलं, घरातल्यांनी.

आत चांगुणाच्या हातनं परात पडली. चहा आला न्हाय कुणालाच.

२६ जानेवारी
पाहुणे आले. जैनोद्दीननं रिमोट धरला. मोटर झकास चालली, हे सगळ्यांनी बघितलं. पण पंखा आखूड, चाकं न्हाईत. विमान पोटावर घसरत मंडपापुढनं गेलं अन् लोकांच्या चपलांत जाऊन शिरलं. शाळेतली पोरं हसली, मग पाहुणे हसले, मग सगळेच.

जैनोद्दीन हसला न्हाय. विमान उचललं, उपरण्यात गुंडाळलं. म्या म्हणलं, गड्या, पंखा नवा मागवू कुवेतहून. म्हणला, आबाभाई, मागवतो म्या. फक्त तो आला की तू येऊ नको.

मोटरी श्रीमंतला दिल्या. चेअरमन म्हणले, आबांचा मान ऱ्हाईल, उद्या तिन्ही मोटरींना नारळ आबाच फोडतील.

२७ जानेवारी
तलावावर लवकर गेलो. सवयीनं खिशात दोरा घेतलेला. श्रीमंतनं हात पुढं केला. दिला.

घरी आल्यावर चांगुणानं इचारलं, काय झालं. सांगितलं, तिन्ही नारळ एका दणक्यात फुटले. त्यात काय फॉल्ट न्हाय.